तीन पिढ्यांपलीकडचे पितर

आपल्या पूर्वजांत एखादा तरी लढवय्या निघावा अशी जी सूक्ष्म अभिलाषा बहुतेक कुळांत आढळते, तिचे मूळ शौर्याविषयीच्या आदरात आहे की स्वतःच्या सामान्यपणाच्या जाणिवेत, हे ठरविणे कठीण आहे. परंतु वसईच्या मुलखात ती जितकी प्रबळ दिसते तितकी मी अन्यत्र क्वचितच पाहिली आहे, आणि त्यास कारणही तसेच आहे. पापडी, निर्मळ, आगाशी, सोपारे, माणिकपूर या टापूत ज्याचे घराणे शतकानुशतके नांदत आले आहे, त्याच्या कुळाचा १७३७ ते १७३९ या काळात चाललेल्या वसईच्या मोहिमेशी काही ना काही संबंध आलाच असला पाहिजे. कारण दोन वर्षे ज्या प्रदेशावरून फौजा गेल्या-आल्या, ज्याची शेते त्यांनी तुडविली, ज्याच्या होड्या, बैल आणि माणसे ज्याला हवी त्याने कामास लावली, त्या प्रदेशात तटस्थ राहणे कोणास शक्य होते? म्हणून नोकरीतून मोकळा झालेला येथला एखादा गृहस्थ वंशवृक्ष लिहावयास बसला, की वर्तमानापासून मागे मागे जाणारी त्याची लेखणी त्या मोहिमेचे सेनानी चिमाजी आप्पा यांच्या मोर्चांपाशी येऊन थबकते आणि तो विचारतो, त्या लढाईत आमचा कोण होता?

हा प्रश्न वरून ऐतिहासिक दिसतो. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो व तो धर्माचा असतो: त्या पूर्वजाने जे केले त्याचे पुण्य माझ्या पदरी येते काय, आणि पुण्य येत असेल तर पापही येते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी लोक दप्तरे धुंडाळतात, तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडवितात; दुसऱ्याचे उत्तर मात्र कोणी शोधीत नाही, ते आपल्याला अनुकूल असेच प्रत्येकजण गृहीत धरून चालतो.

मोहिमेची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, तरी तिची रूपरेषा डोळ्यांपुढे असणे बरे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढे दोनशे वर्षे तेथून त्यांनी उत्तर कोकणचा अंमल चालविला. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे घेतले. १७३९ च्या जानेवारीत तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडला. फेब्रुवारीपासून वसईस वेढा बसला. वेढ्यात किल्ल्यातील मुख्य अंमलदार मार्तिन्हो द सिल्वेरा ठार झाला, मे महिन्यात सुरुंग उडवून तटास खिंडारे पाडली गेली, आणि त्याच्यामागून अधिकारावर आलेल्या कायतान द सौझा याने १६ मे रोजी तह करून किल्ला स्वाधीन केला. बाहेर पडू इच्छिणाऱ्यांस बायकामुले व चीजवस्तू घेऊन सुखरूप जाऊ द्यावे, मागे राहतील त्यांस आपला धर्म पाळू द्यावा, अशी कलमे ठरली व ती पाळलीही गेली. मराठ्यांकडील मेलेले व जखमी मिळून पाच हजार, असा आकडा ग्रँट डफ मराठ्यांच्याच कबुलीवरून देतो.

आता हे पाच हजार कोण होते? गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेल्या ‘पेशवे दप्तरा’चा सोळावा खंड संपूर्ण याच मोहिमेस वाहिलेला आहे, आणि त्यात सरदारांची नावे आहेत, ठाण्यांच्या बातम्या आहेत, दाणागोटा व दारूगोळ्याच्या मागण्या आहेत; परंतु सुरुंग खणताना मातीखाली दबला तो, खाडीच्या चिखलात गोळी लागून पडला तो, हे त्या पत्रांतून बहुधा संख्येनेच येतात. अशा सामान्य माणसाचे नाव कागदावर चढावयाचे ते तो मेल्यानंतर, आणि तेही त्याच्या मुलास काही द्यावयाचे ठरले तर. मराठी राज्यात लढाईत पडलेल्याच्या पोरक्या मुलांस बालपरवेशी म्हणून नेमणूक किंवा जमीन देण्याची चाल होती. पुढे कधी वतनाचा कज्जा उभा राहिला, की वारसास हुजुरात करीना लिहून द्यावा लागे, कैफियत मांडावी लागे, गोताच्या साक्षीने महजर व्हावा लागे. आणि मग ‘आमचा आजा अमक्या मोर्चात कामास आला’ हे वाक्य प्रथमच लेखणीच्या टोकास येई. म्हणजे आपण ज्यास कुळाची स्मृती म्हणतो ती पुष्कळदा हक्काच्या दाव्याबरोबर जन्मास आलेली असते.

हे काही आपल्याच देशाचे वैगुण्य नव्हे. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडशी जे स्वातंत्र्ययुद्ध केले त्यातील साध्या शिपायांच्या हकीकती आज इतक्या विपुल मिळतात, याचे कारण १८३२ साली तेथील विधिमंडळाने हयात असलेल्या वृद्ध सैनिकांस निवृत्तिवेतन देण्याचा कायदा केला आणि त्यासाठी प्रत्येकाने न्यायालयात शपथेवर आपली चाकरी कथन करावी अशी अट घातली. ऐंशीच्या घरातले म्हातारे पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाया आठवून आठवून सांगू लागले, कारकून लिहून घेऊ लागले, आणि आज त्यांचे वंशज तेच कागद चाळून आपला पूर्वज ओळखतात. त्या युद्धातील सैनिकाशी रक्तसंबंध सिद्ध करणाऱ्या स्त्रियांसच जिचे सभासदत्व मिळते अशी एक प्रतिष्ठित संस्था तेथे १८९० पासून चालू आहे. आमचा करीना आणि त्यांचे शपथपत्र ही सख्खी भावंडे होत. (त्या युद्धाच्या ऐन धामधुमीत, १७८० च्या डिसेंबरात, इंग्रज सेनापती गॉडर्ड याने आमची वसई मराठ्यांकडून जिंकून घेतली व सालबाईच्या तहाने ती परत द्यावी लागली. तेव्हा इकडे वसई घेणाऱ्या त्याच इंग्रजांस दहा महिन्यांनी तिकडे यॉर्कटाउनला शरण जावे लागले, हा योगायोग वंशावळीच्या शोधकांस गमतीचा वाटावा.)

दाव्यातून उपजलेली म्हणून ती स्मृती खोटीच, असे मात्र मी म्हणणार नाही. अंजूरच्या नाईक बंधूंनी या मोहिमेसाठी केलेली खटपट ‘साष्टीच्या बखरी’त सविस्तर आली आहे, त्या बखरीत अंजूरकरांच्या कामगिरीस झुकते माप मिळाले आहे हे उघड आहे, पण म्हणून गंगाजी नाईकांनी काही केलेच नाही असे होत नाही. अडचण वेगळीच आहे. कुळाच्या गोष्टीस काळाबरोबर गोड होत जाण्याची खोड असते. किल्लेदाराच्या कुटुंबातील स्त्रीस चिमाजी आप्पांनी सन्मानाने परत पाठविले ही कथा आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची शिवाजी महाराजांविषयीची कथा ज्याने ऐकली आहे त्यास एकाच साच्यातून निघालेल्या या दोन मूर्ती ओळखण्यास वेळ लागत नाही. ज्या समाजास विजयाबरोबर सदाचारही हवा असतो तो आपल्या वीरास अशी कथा अर्पण करतो. मला त्या कथेचा राग नाही; जी माणसे आपल्या विजेत्याविषयी लुटीची नव्हे तर संयमाची गोष्ट रचतात त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

आतापर्यंत जे लिहिले ते तटाबाहेरच्या वंशजांविषयी. पण वसईत तटाआतलेही वंशज आहेत, आणि वसईचा प्रश्न अवघड होतो तो येथेच. किल्ल्यात गोऱ्या सोजिरांबरोबर एतद्देशीय ख्रिस्ती शिपाई होते, चाकर होते, आसऱ्यास आलेली कुटुंबे होती. पोर्तुगीज निघून गेले, हे राहिले. आज लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो ही आडनावे ऐकून परगावचा मनुष्य या लोकांस फिरंग्यांचे रक्त समजतो. वस्तुतः बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव घेण्याची चाल असल्यामुळे त्या नावावरून रक्ताचा काहीही बोध होत नाही. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ ख्रिस्ती, कोळी ख्रिस्ती ही नावेच सांगतात की ही मंडळी शेजारच्या सामवेदी ब्राह्मणांची, वाडवळांची व कोळ्यांची भाऊबंद होत. घरात कादोडी बोलणारा कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, शेतकरी लिस्बनच्या बोलीत नव्हे, मराठीच्याच एका जुन्या बोलीत आपल्या आजोबांस हाक मारतो. ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले.

अशा एका परिचित गृहस्थांनी मला एकदा विचारले, “वेढ्यात आमचा पूर्वज आत होता की बाहेर, हे कळून मी करणार काय? आत असेल तर तुम्ही मला परका म्हणणार, बाहेर असेल तर माझेच लोक मला विचारणार, मग तू इकडे कसा?” त्यांच्या बोलण्यात जी तिखट छटा होती ती मला योग्यच वाटली, कारण १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हिशेब आज कुपारी शेतकऱ्याच्या दारात उभे राहून मागणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या ध्यानात हे येत नाही की त्या न्यायासनाची जरब ज्यांच्या मानेवर होती त्यांतच या शेतकऱ्याचे पितर होते. ज्याला दंड झाला त्याच्याच पणतवंडाकडून दंड वसूल करावा, असा हा न्याय आहे.

गणिताने तर ही सारी भिंत कोसळते. तीस वर्षांस एक पिढी या सरासरीने १७३९ पासून आजपावेतो साधारण दहा पिढ्या होतात, आणि दहाव्या पिढीत प्रत्येकाच्या पूर्वजांची १,०२४ स्थाने येतात. वंशावळ लिहिणारा त्यांतल्या एकाच पुरुषाचे बोट धरून चालतो. उरलेल्या १,०२३ जणांस, ज्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, तो पूर्वज म्हणत नाही. लहानशा ज्ञातींत सोयरिकी आतल्या आत होत गेल्याने तीच माणसे अनेक स्थानी पुन्हा पुन्हा येतात हे खरे, पण त्यामुळे जाळे अधिकच घट्ट होते. त्यातच पेशवाईत काही ख्रिस्ती कुळे प्रायश्चित्त घेऊन परत हिंदू झाली. तेव्हा चिमाजी आप्पांच्या पुतळ्यास हार घालणाऱ्या आजच्या एखाद्या वाडवळाची दहाव्या पिढीतील एखादी आजी तेव्हा तटाच्या आत जपमाळ ओढीत बसली नसेल, असे छातीठोक कोण म्हणेल?

येथून पुढचे काम धर्मशास्त्राचे आहे, आणि या बाबतीत आमचे शास्त्र आमच्या अभिमानापेक्षा पुष्कळ शहाणे आहे असे माझे मत होत चालले आहे. श्राद्धात नामगोत्रासह उच्चार होतो तो पिता, पितामह आणि प्रपितामह यांचा. ते अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांनी पिंड घेतात. त्यांच्यावरचे तिघे लेपभागी, म्हणजे हातास चिकटून राहिलेल्या अन्नाचे धनी. त्यांस व त्यांच्याही वरच्यांस नावाने हाक नाही. ज्या धर्मावर पूर्वजपूजेचा आरोप होतो त्याने पूर्वजांच्या नावांस इतकी जवळची मर्यादा घालावी, हे विचार करण्यासारखे आहे. तिसऱ्या पिढीपलीकडचा पितर व्यक्ती राहत नाही, तो एका सामान्य पितृगणात विलीन होतो. आणि तर्पणाचे पाणी तर ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांस, ज्यांचे कोणी बांधव उरले नाहीत त्यांसही, पोचावे अशी योजना आहे. निपुत्रिक भीष्मास माघ शुद्ध अष्टमीला जे तर्पण करतात ते त्याच्या कुळात न जन्मलेले लोकच.

ज्यू व ख्रिस्ती परंपरेतही हीच सीमा दुसऱ्या अंगाने दिसते. पित्यांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करणारा ईश्वर निर्गमाच्या पुस्तकात आहे, तर पुत्राने पित्याचा अधर्म वाहू नये असे निक्षून सांगणारा यहेज्केल संदेष्टाही त्याच पवित्र ग्रंथात आहे, आणि एका ग्रंथात हे दोघे शेजारी नांदावेत यात मला विसंगतीपेक्षा प्रामाणिकपणा अधिक दिसतो. आमच्याकडेही कर्माचा भोक्ता कर्ताच, असे एकीकडे म्हणतात, तर अधर्म कर्त्यास भोवला नाही तर पुत्रास, पुत्रास नाही तर नातवास भोवतो, असे मनुस्मृतीचा चौथा अध्याय बजावतो. बापाच्या दुर्व्यसनाची किंमत पोरे मोजतात हे सर्वांनी पाहिलेलेच आहे. पण ते झाले परिणामांचे वाहणे, पापाचे नव्हे.

हा भेद सर्वांत स्वच्छ रीतीने कोणी केला असेल तर तो तत्त्वज्ञांनी नव्हे, जुन्या व्यवहारशास्त्रकारांनी. पित्याचे ऋण पुत्राने व्याजासह फेडावे, पौत्राने केवळ मुद्दल द्यावे, आणि प्रपौत्राने वडिलोपार्जित मिळकत हाती आली असेल तरच, असा दंडक होता. शिवाय मद्य, द्यूत अशा अनीतीच्या कामांसाठी काढलेले कर्ज पुत्रावर मुळीच बंधनकारक नव्हते. धार्मिक कर्तव्य म्हणून पित्याचे कर्ज फेडण्याची ही जबाबदारी अर्वाचीन न्यायालयांनीही दीर्घकाळ मानली व २००५ च्या दुरुस्तीने ती कायद्यातून गेली. कायद्यातून गेली तरी तिच्यामागची दृष्टी टाकाऊ ठरत नाही. वारसा म्हणून काय येते? ऋण येते, तेही पिढीगणिक घटत जाते, तेही हाती आलेल्या मिळकतीच्या प्रमाणात येते, आणि बापाच्या दुष्कृत्याचे तर येतच नाही. कीर्ती वारशाने येते असे या दंडकात कोठेही लिहिलेले नाही. ब्राह्मण जन्मतो तोच तीन ऋणांसह, असे तैत्तिरीय संहिता सांगते. जन्मतःच पुण्याची शिल्लक घेऊन येतो असे ती सांगत नाही.

मग वसईच्या विजयाचा अभिमान बाळगूच नये काय, असा आक्षेप येईल. त्यास माझे उत्तर असे आहे की कृतज्ञता अवश्य असावी, आणि कृतज्ञतेस वंशाची अट नसते. मोहीम झाली त्या वेळी ज्याचे कुळ कोठे दूर मुलखात होते आणि जो काल नालासोपाऱ्यात येऊन राहिला, तोही त्या पाच हजारांविषयी तितकाच कृतज्ञ असू शकतो. अभिमान मात्र वंश मागतो, पुरावा मागतो, आणि पुरावा नसेल तर तो रचतो. दुसरे असे की मिळकतीबरोबर जे ऋण येते ते कोणाचे, हे आम्ही कधी विचारले आहे काय? वसईच्या गिरिजाघरांतील घंटा या विजयानंतर घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, तीवर १७२१ हे साल आहे, भीमाशंकरी आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. त्यांच्या नादाने आमची देवळे अडीच शतकांहून अधिक काळ शोभिवंत झाली, आणि त्या परत कराव्यात असे मी म्हणत नाही, कारण ज्यांना परत करावयाच्या ती गिरिजाघरे आज छपराविना उभी आहेत. पण ती घंटा ज्यांनी वर्गणी देऊन ओतविली असेल, ज्यांचे बाप्तिस्मे व अंत्यविधी तिच्या नादावर झाले असतील, त्यांच्या वंशजांपुढे आम्ही केवळ जेत्यांचे वारस म्हणून उभे राहावे, की मिळकत भोगणारे ऋणको म्हणूनही? चिमाजी आप्पांच्या नवसाप्रमाणे सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी वज्रेश्वरीचे मंदिर बांधले. देवीचा नवस फेडण्याइतकी दक्षता ज्या पिढीने दाखविली तिच्या वारसांनी हा दुसरा हिशेब अगदीच उघडू नये, हे मला खटकते.

हा हिशेब एखाद्या विधीने उघडता येईल काय? वसईजवळच्या भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली सापडला. आजारपणात, विवाहात, प्रवासास निघताना लोक नाना मंगलविधी करतात, ते अल्पफळ आहेत, आणि चाकरमाणसांशी व वडीलधाऱ्यांशी नीट वागणे हे महाफळाचे मंगल होय, असा त्या लेखाचा भाव आहे. मी विधींचा इतका अनादर करणार नाही. ज्या विधीत आपल्या अभिमानापेक्षा अधिक जागा असते तो विधी टिकवावा या मताचा मी आहे, आणि सुदैवाने उभय धर्मांत असे विधी आहेत. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धासाठी राखलेली तिथी. पंचांगात ती ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ या नावाने दरवर्षी छापली जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या सर्वपित्री अमावास्येच्या गर्दीत कोणाच्या लक्षात राहत नाही. ख्रिस्ती मंडळी २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. पूर्वी ज्यांचा उल्लेख केला त्या गृहस्थांनी आपल्या धर्मगुरूंस विचारले, की बाप्तिस्म्यापूर्वीच्या, म्हणजे हिंदू असतानाच्या, आमच्या पितरांसाठी मिस्सा अर्पण करता येईल काय? धर्मगुरूंनी त्यांस चर्चच्या विधिसंहितेचे ९०१ वे कलम दाखविले: जिवंत वा मृत, कोणासाठीही ती अर्पण करण्यास धर्मगुरू मोकळा आहे. तेव्हा मीही आमच्या उपाध्यायांस चतुर्दशीच्या श्राद्धाविषयी विचारले, की वेढ्यात दोन्ही बाजूंस पडलेल्यांस पाणी द्यावयाचे तर नामगोत्राचे काय करावे. फिरंग्यांस तर्पण करावे की नाही या वादात ते शिरले नाहीत. “नाव ठाऊक नसले तरी अडत नाही,” ते म्हणाले, “आणि गोत्र ठाऊक नसेल तेथे काश्यप म्हणावे, तसे शास्त्र आहे.” या हिशेबाने मार्तिन्हो द सिल्वेरा याचे गोत्र काश्यप, आणि सुरुंगाच्या मातीखाली दबलेल्या त्या बिननावाच्या गड्याचेही तेच.